आधी पोपडा उलटून बघा

वाचकांचं पत्र :

आमच्या गॅरेजचा कोबा १२ वर्षांचा आहे. लांबी साडेपाच मीटर, रुंदी साडेतीन. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरच्या घरी त्यावर इपॉक्सी रंग दिला. पाण्यावरचा होता, चार लिटरचा एक संच, दोन हात दिले. आधी फरशी साबणाने घासून धुतली होती. आठ महिन्यांत गाडीच्या चाकांखालचे पोपडे सुटायला लागले आणि आता अर्धी फरशी उघडी पडली आहे. बाहेर गच्चीच्या पाण्याचा पाइप जिथे उतरतो, त्या कोपऱ्यात आतून भिंतीलगत पांढरी भुकटीही येते. सासरे ७४ वर्षांचे आहेत, स्कूटर तेच काढतात. मागच्या पावसात ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला, थोडक्यात निभावलं. मुलगा सुट्टीच्या दिवशी तिथेच सुतारकाम करतो. नवरा म्हणतो, आता सरळ टाइल्स लावू. मुलगा म्हणतो, पुन्हा इपॉक्सीच, पण भारीतला. मला एवढंच हवं आहे की एकदा करावं आणि पुढची १५ वर्षं त्याकडे बघायला लागू नये. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. गच्चीच्या पाण्याचा पाइप ज्या कोपऱ्यात उतरतो, त्याच कोपऱ्यात पांढरी भुकटी येते. टाइल्स की इपॉक्सी हा वाद थोडा बाजूला ठेवा. तो वाद फरशीच्या वरच्या थराचा आहे आणि तुमची फरशी बिघडली आहे ती खालून. खालचं तसंच ठेवून वर काहीही घातलंत तरी दोन वर्षांनी मला असंच पत्र येईल.

आज घरी एक काम करा. चाकांखालचा एखादा सुटलेला पोपडा अलगद उचला आणि उलटा करून उजेडात बघा. त्याच्या पाठीवर सगळी हकिगत लिहिलेली असते. पाठीला सिमेंटची राखाडी पूड चिकटून आली असेल, तर रंगाने पकड घेतली होती पण खालचा कोबाच वरून भुसभुशीत होता. कोबा घोटताना पाणी जास्त झालं की सिमेंटचं पाणी वर येतं आणि साय धरावी तसा एक कच्चा थर पृष्ठभागावर बसतो. तो काढल्याशिवाय वर काही टिकत नाही. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर रंगाला धरायला खाचखळगाच मिळाला नाही. पाठ तेलकट लागली तर इंजिन ऑइल. आणि पाठीवर पांढरी भुकटी दिसली तर ओल. एकाच गॅरेजमध्ये दोन वेगवेगळ्या जागी दोन वेगवेगळी कारणंही निघतात, म्हणून चाकांखालचा एक आणि त्या कोपऱ्यातला एक असे निदान दोन पोपडे बघा.

मला वाटतं, तुमच्या चाकांखालच्या पोपड्यांची पाठ गुळगुळीत निघेल. साबणाने धुणं म्हणजे फरशी स्वच्छ करणं झालं. खरखरीत करणं वेगळं. इपॉक्सीला सिमेंटच्या बारीक छिद्रांत शिरून पकड घ्यावी लागते, आणि घोटलेल्या कोब्याची छिद्रं घोटाईतच बंद झालेली असतात. त्यात तुमच्या रंगाची जाडी मोजून बघा. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर एक मिलिमीटर जाडीचा थर होतो, हे सोपं माप लक्षात ठेवा. तुमचं गॅरेज सुमारे १९ चौरस मीटर. चार लिटर रंग १९ चौरस मीटरवर म्हणजे ओला असताना ०.२ मिलिमीटर. पाण्यावरच्या रंगात साधारण निम्मा भाग पाणी असतं, ते उडून गेलं की उरला ०.१ मिलिमीटर. दोन्ही हात मिळून तुमच्या फरशीवर वहीच्या एका कागदाएवढा थर होता.

त्यावर गरम टायर येऊन उभं राहिलं. गाडी लांबून चालवून आणली की टायर तापलेलं असतं. त्याची उष्णता रंगाला मऊ करते, रबरातली काही द्रव्यं रंगात उतरतात, आणि मग टायर थंड होऊन आकसताना रंगाला धरून ओढतं. पकड कच्ची असेल तर टायर रंग घेऊनच उठतं. पोपडे चारच जागी का सुरू झाले, याचं उत्तर हे.

आता मुलाच्या ‘भारीतला इपॉक्सी’बद्दल. इथे मला माझ्या वडिलांच्या घराची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी हे तिथे शिकलो. त्यांच्या गॅरेजला एका ठेकेदाराने खरोखरच उत्तम प्रतीचा, जाड इपॉक्सी केला होता. साहित्यात खोट नव्हती. पण नवा कोबा टाकून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि जमीन पाणथळ होती. वर्षभरात फरशीवर रुपयाएवढे फोड आले. एक फोड सुरीने फोडला तर आतून पाणी निघालं. पातळ रंग निदान लवकर सुटून मोकळा होतो. जाड आणि चिवट लेप खालून येणाऱ्या ओलीला वाटच देत नाही, ती त्याच्याखाली दाब धरून बसते. तो लेप काढायला जेवढे दिवस लागले, तेवढे घालायला लागले नव्हते. म्हणून ओल असलेल्या फरशीवर साहित्य जितकं भारी, तितकं नुकसान मोठं असं मी आजही सांगतो.

तर आधी ओल मोजू. जाड पारदर्शक प्लास्टिकचे ४५ सेंटिमीटर चौरस तुकडे घ्या आणि रंग सुटलेल्या उघड्या कोब्यावर चारही बाजूंनी पक्क्या टेपने चिकटवा. एक त्या कोपऱ्यात, एक मध्यावर, एक दाराजवळ पण उन्हाबाहेर. किमान १६ तास ठेवायची पद्धत आहे. मी दोन दिवस ठेवायला सांगतो. मग बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला दव धरलं असेल किंवा खालचा कोबा गडद झाला असेल, तर ओल जमिनीतून वर येते आहे. खाली कोरडं आणि प्लास्टिकच्या वरच्या बाजूला पाणी असेल, तर तो हवेतला दमटपणा थंड फरशीवर जमतो आहे. फरशीला घाम येतो म्हणतात ना, तो हा. सासऱ्यांचा पाय कशावर घसरला हे कळायला ही चाचणी फार उपयोगी पडेल, कारण घामाचा उपाय हवा खेळती ठेवणं हा आहे आणि जमिनीतल्या ओलीचा उपाय वेगळाच आहे. ही चाचणी कोरड्या दिवसांत करून समाधान मानू नका. पाऊस भरपूर झालेला असताना पुन्हा करा. उन्हाळ्यात सगळ्याच फरशा कोरड्या असतात.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. उघड्या कोब्यावर पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर छिद्रं उघडी आहेत. मोत्यासारखे तरंगत राहिले तर तिथे तेल किंवा जुना लेप आहे. आणि हातोडीच्या दांड्याने फरशी जागोजाग ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्ये कुठे बद्द आवाज आला तर तिथे खडूने गोल करा.

तो बद्द आवाज का महत्त्वाचा, हे नीट सांगतो, कारण बहुतेक लोक गाडीच्या वजनाला उगाच घाबरतात. लहान मोटारीच्या एका चाकावर साधारण ३०० ते ३५० किलो भार येतो. टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास असते, आणि टायर जमिनीवर दाब देतं तोही जवळपास तेवढाच. चांगल्या कोब्याचं काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला २०० ते २५० किलो दाब सोसतं. म्हणजे नुसत्या दाबाने गाडी तुमच्या कोब्याचं काही बिघडवू शकत नाही. पण काँक्रीट दाबाला जितकं पहिलवान, तितकंच ताणाला दुबळं; ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. खालचा भराव खचून पोकळी झाली की वरून चाक जाताना कोबा वाकतो, खालच्या अंगाला ताण बसतो आणि तडा जातो. बद्द आवाज मोठ्या जागेत येत असेल, तर तेवढा भाग फोडून भराव नीट चोपून पुन्हा काँक्रीट करण्याला पर्याय नाही. तो केलात तर नव्या भागाखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि जाडी किमान १० सेंटिमीटर ठेवा. सात दिवस पाणी मारा आणि २८ दिवस होईपर्यंत त्यावर कसलाही लेप नको. जमीन पाणथळ असेल तर २८ दिवसांनंतरही प्लास्टिकची चाचणी करूनच पुढे जा.

तडे दिसत असतील तर त्यांच्यावर आडवी पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख घाला. काही महिन्यांनी रेघ तुटून सरकली असेल, तर तो तडा जिवंत आहे. त्यात कडक सिमेंट भरू नका, लवचीक सांधाभरण वापरा. निश्चल तडा उकरून इपॉक्सीने भरला की झालं. केसासारख्या तड्यांच्या मागे लागू नका.

आता पाइप. तुम्हाला काय वाटेल ते वाटो, पण या सगळ्या कामात मी पहिला खर्च इथे करीन. गच्चीचं सगळं पाणी त्या कोपऱ्याच्या पायाशी पडतं, मातीत जिरतं, आणि कोब्याच्या बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं. येताना सिमेंटमधले आणि मातीतले क्षार विरघळवून आणतं. पाणी वर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. तीच तुमची पांढरी भुकटी. पाइपाचं तोंड भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर लांब न्या किंवा थेट गटाराला जोडा. गॅरेजबाहेरची जमीन भिंतीकडून बाहेर उतरती करा, मीटरला पाच सेंटिमीटर उतार पहिल्या तीन मीटरपर्यंत मिळाला तर उत्तम. बाहेरच्या मातीची पातळी आतल्या फरशीपेक्षा उंच असेल तर ती उतरवा. आतली भुकटी पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि एक पावसाळा जाऊ द्या. भुकटी यायची थांबली किंवा नावापुरती उरली, तर पाणी वळलं असं समजा.

एक पावसाळा थांबायचं म्हटल्यावर घरात नाराजी होईल, मला कल्पना आहे. पण तुम्ही १५ वर्षांची फरशी मागता आहात. तिला एक ऋतू द्या.

थांबायचा हा काळ वाया घालवू नका. गॅरेजमध्ये बादलीभर पाणी ओता, वीस मिनिटांनी जिथे डबकी उरतात तिथे खडू फिरवा. गॅरेजच्या फरशीला दाराकडे मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार हवा. तुमच्या साडेपाच मीटरला मिळून साडेपाच ते आठ सेंटिमीटर. उतार असेल आणि मधेच दोन-चार खोलगट जागा असतील तर त्या दुरुस्तीच्या मसाल्याने भरता येतात. सासऱ्यांचा पाय घसरण्यामागे शेवाळ आणि साचलेलं पाणी असेल, तर ही डबकी मोडणं कुठल्याही महागड्या लेपापेक्षा त्यांना जास्त सांभाळेल.

तेलाचे डागही याच काळात काढा. ताज्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून उचलून घ्यावं. मुरलेल्या तेलाला तेल काढायचं अल्कधर्मी द्रावण लावून, ताठ ब्रशने घासून, गरम पाण्याने धुऊन पुन्हा तेच करावं लागतं. थेंब मुरायला लागेपर्यंत डाग गेला असं म्हणू नका.

मग येते घासाई. वर काहीही घालायचं ठरो, जुना रंग पूर्ण काढावाच लागेल. जो भाग घट्ट वाटतो तोसुद्धा. नव्या थराची पकड जुन्या कच्च्या थराहून पक्की असू शकत नाही. यासाठी ॲसिड वापरू नका. कोणी स्वस्तातली युक्ती म्हणून सुचवेल, पण ॲसिड रंगाच्या आणि तेलाच्या खाली पोचत नाही, कोबा पाण्याने भिजवतं, आणि बंद गॅरेजमध्ये त्याची वाफ छातीला त्रास देते. हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडिंग यंत्र भाड्याने आणा किंवा हे काम करणाऱ्याला बोलवा. यंत्राला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेलाच हवा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की कायमची तिथेच राहते. नाकाला रुमाल बांधून हे काम करू देऊ नका. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. मुलाला हे आवर्जून वाचायला द्या, कारण उत्साहाने यंत्र तोच हातात घेईल. घासून झाल्यावर फरशी हाताला बारीक पॉलिश-पेपरसारखी लागली पाहिजे.

इथपर्यंत पोचलात की कोणाचं ऐकायचं हा प्रश्न पहिल्यांदा खरा होतो.

मुलाचं म्हणणं आधी घेऊ. पावसाळ्यात लावलेलं प्लास्टिक खालून कोरडं निघालं, तर इपॉक्सी चांगला टिकतो. मात्र पाण्यावरचा नको, पातळ करायला काहीही न घातलेला, पूर्ण घन इपॉक्सी घ्या. प्रायमर, मग पाव मिलिमीटरचे दोन थर. पाव मिलिमीटरच्या एका थराला तुमच्या गॅरेजला जवळपास पाच लिटर लागतील, हे मगाच्याच मापाने निघतं. कोणी सगळं मिळून चार लिटरमध्ये काम बसवून देतो म्हणाला तर तो तुम्हाला कागदच देतो आहे. पहिला थर ओला असताना त्यावर क्वार्ट्झची बारीक वाळू भरभरून पेरायची, वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा थर द्यायचा. ही खरखर सासऱ्यांसाठी आहे, तिच्यावर तडजोड करू नका. शेवटचा हात उन्हाला पिवळा न पडणाऱ्या पॉलियुरेथेनचा, कारण दारातून ऊन येतं तिथे नुसता इपॉक्सी पिवळा पडतोच.

करताना दोन चुका हमखास होतात. पहिली मिसळण्याची. इपॉक्सीची राळ आणि तिला कडक करणारा हार्डनर यांचं प्रमाण अंदाजाने धरायचं नाही आणि मिश्रण बादलीत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. दोन्ही एकत्र आले की उष्णता तयार होते, आणि बादलीतल्या ढिगात ती कोंडून मिश्रण काही मिनिटांत थिजतं. मिसळलं की लगेच फरशीवर ओता आणि पसरा. दुसरी चूक वेळेची. लोक सकाळी सुरू करतात. सकाळी फरशी तापत जाते, कोब्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे सोडते. दुपार उतरल्यावर, फरशी निवत असताना पहिला थर द्या, म्हणजे छिद्रं लेप आत ओढून घेतात. हवा फार दमट असेल त्या दिवशी काम करूच नका. हातात मोजे सक्तीचे; इपॉक्सी कातडीला वारंवार लागला तर त्याची ॲलर्जी जडते आणि मग ती जन्मभर साथ सोडत नाही. दुसऱ्या दिवशी चालता येईल, गाडी मात्र सात दिवस बाहेर.

आणि तरीही मुलाला प्रामाणिकपणे सांगा, की रोज गाडी फिरणारा इपॉक्सी १५ वर्षं न बघता राहत नाही. वरचा पॉलियुरेथेनचा हात काही वर्षांनी हलका घासून पुन्हा द्यावा लागतो. ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पुसावं लागतं, ते रंग सोलून काढतं. सुतारकाम करणारा मुलगा ही देखभाल आनंदाने करील, तो घरात असेपर्यंत.

म्हणून तुमची अट शब्दशः धरली तर माझा कौल तुमच्या नवऱ्याच्या बाजूने जातो. पण त्यांच्या मनातल्या टाइल्स वेगळ्या असतील अशी मला धास्ती आहे. दिवाणखान्यातली चकचकीत टाइल गॅरेजमध्ये ओली झाली की बर्फ होते. पार्किंगसाठीची, खरखरीत पृष्ठभागाची, आरपार एकाच रंगाची व्हिट्रिफाइड टाइल घ्या, १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड. पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी हवं आणि घसरण-रोधाचा दर्जा आर ११. हे दोन्ही आकडे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेले असतात, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. आरपार एकाच रंगाची यासाठी की हातोडी पडून टवका उडाला तरी खालचा रंग वेगळा दिसत नाही.

टाइल गाडीखाली फुटते ती बहुतेक वेळा टाइल कच्ची म्हणून नाही, तर खाली पोकळ राहिली म्हणून. चार कोपऱ्यांवर आणि मध्ये एक असे चिकटवणाऱ्या मसाल्याचे पाच गोळे ठेवून टाइल दाबायची सवय पुष्कळ कारागिरांना आहे. भिंतीवरही ती वाईट, गॅरेजमध्ये तर सत्यानाश. दातेरी थापीने फरशीवर मसाला एकाच दिशेने ओढायचा, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा, आणि टाइल हलवून दाबून बसवायची. दर काही टाइल्समागे एक लगेच उचलून बघायला सांगा. पाठ कडेपर्यंत मसाल्याने भरलेली दिसली पाहिजे. कारागिराला याचा राग येईल, तरी सांगा. टाइल्स एकमेकींना खेटून लावू नका. निदान तीन मिलिमीटरचा सांधा ठेवा आणि तो इपॉक्सी ग्राउटने भरा, म्हणजे तेल मुरत नाही. भिंतीलगत सात-आठ मिलिमीटरची फट मोकळी ठेवून ती लवचीक सांधाभरणाने झाका. कोब्यात मुळात कापलेला सांधा असेल तर टाइल्समध्येही त्याच जागी सांधा आणा. त्यावरून टाइल नेलीत तर ती त्याच रेघेत तडकेल.

ओलीच्या बाबतीत टाइल इपॉक्सीपेक्षा सोशिक आहे. सिमेंटच्या मसाल्याला थोड्या ओलीचं वावडं नसतं. तरी पाइप वळवल्याशिवाय टाइल लावू नका, नाहीतर सांध्यांतून तीच पांढरी रेघ वर येईल.

सुरू करण्याआधी एक माप घ्या. टाइल आणि मसाला मिळून फरशी दोन सेंटिमीटरने वर येते. गॅरेजचं दार किंवा शटर खाली टेकायला तेवढी जागा आहे का? आणि घरात जायच्या दारापाशी गॅरेजची फरशी घराच्या फरशीपेक्षा खालीच राहते ना? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. तिथली पायरी ती घरात यायला अडवते, म्हणून तिची उंची सगळी खाऊन टाकू नका.

जागा नसेल, किंवा पावसाळ्यानंतरही प्लास्टिकखाली दव धरलं, तर तिसरा रस्ता आहे आणि त्याची शिफारस करायला कोणी पुढे येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं नसतं. कोबा उघडाच ठेवायचा. घासून सपाट करायचा आणि त्यावर सिलिकेटचं घट्ट करणारं द्रावण मुरवायचं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रांतच कठीण होतं. वर पापुद्रा नाही, म्हणून सोलायला काही नाही, आणि खालची वाफ निघून जायला वाट राहते. धूळ उडायची थांबते. तेलाचे डाग मात्र पडतील आणि दिसतील. रूपाचा हट्ट नसेल तर हा कोबा तुम्हाला १५ वर्षं खुशाल साथ देईल.

एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या सुट्या टाइल्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाच्या कामाच्या कोपऱ्यात त्या जरूर घाला. तासन्‌तास उभं राहणाऱ्या पायांना त्या सुखाच्या आहेत, पटाशी हातातून पडली तर धार वाचते, आणि कधीही उचलून खाली झाडता येतं. गाडीखाली मात्र नकोत. मऊ टाइलवर टायरचे तपकिरी डाग उमटतात आणि ते निघत नाहीत.

शेवटी जॅक आणि स्कूटरचा स्टँड. मगाशी म्हटलं की चाकाचा दाब किरकोळ असतो. जॅकचा पाय तळहाताएवढा आणि स्टँडचं टोक त्याहून लहान, तिथे तेच वजन एका बिंदूवर येतं. जॅकखाली नेहमी जाड प्लायवूडचा एक फुटी चौकोन ठेवा, सुतार घरातच आहे. स्कूटर रोज एकाच जागी लागते, तिथे पोलादी पत्र्याचा तुकडा पक्का बसवून घ्या. कडा वर राहू देऊ नका, सासऱ्यांचा पाय अडखळेल. आणि दारापासून स्कूटरपर्यंत त्यांची रोजची जी वाट आहे, तेवढा पट्टा कोणतीही फरशी करा, पण ओली करून आधी तुम्ही स्वतः चपला घालून त्यावर चालून बघा. टाइल असेल तर दुकानातून नमुन्याची एक आणून हीच परीक्षा घ्या, सगळी खोकी उतरवून घ्यायच्या आधी.

आज पोपडे उलटा, या आठवड्यात पाइप वळवा. पावसाळ्यात प्लास्टिक उचलाल तेव्हा दव वर होतं की खाली, आणि कोणत्या तुकड्याला होतं, एवढं मला लिहा. त्यावरून टाइल लावायची की कोबा उघडा ठेवायचा, हे आपण नक्की करू.